सोळा शाळा, एक शेळी

शेळी वर्गात शिरली तेव्हा मी बेचाळीसातून सात वजा करत होते.

करत होते म्हणजे तीन दिवसांपासून करत होते. वाघजाईवाडीच्या शाळेतली माझी तिसरीची अकरा मुलं फळ्याकडे बघून एका सुरात "पंचेचाळीस!" म्हणायची. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवायचे, विषय संपला. मी दशक सुटा करून दाखवला, गोष्ट रचून सांगितली, एकदा तर डोळे वटारून पाहिले. उत्तर पंचेचाळीसच. शेवटी मी वाळक्या गवताच्या जाड काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधले आणि चार गठ्ठे, दोन सुट्ट्या काड्या वर्गाच्या मधोमध मांडून बसले. शैक्षणिक साहित्य खाण्याजोगं नसावं, हे डी.एड.ला आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

शाळेला कुंपण नाही, दाराला कडी नाही. काळी कुळकुळीत, डावा कान तेवढा पांढरा, अशी ती शेळी दारात उभी राहिली, तिने माझ्याकडे एकदा साहेबासारखं पाहिलं आणि सरळ येऊन दोन्ही सुट्ट्या काड्या खाऊन टाकल्या.

"चंद्रे! भाईर हो!" चैत्राली झोरे ओरडली. शेळी तिच्या घरची होती.

चंद्रीने ऐकलं नाही. ती आता गठ्ठ्याची सुतळी ओढू लागली. मी फळ्याजवळची छडी उचलली, तशी चैत्राली मध्ये पडली. एरवी ही मुलगी वर्गात हूं की चूं करत नसे.

"बाई, मारू नका तिला! तिला सात द्यायच्यात नव्हं? दोनच झाल्या. आजून पाच पायजेत. गठ्ठा सोडा की!"

मी छडी हातात धरून तशीच उभी राहिले. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "व्हय की बाई, सोडा गठ्ठा." मग सगळेच ओरडू लागले, "सोडा, सोडा!"

मी सुतळी सोडली. चैत्रालीने पाच काड्या मोजून चंद्रीला चारल्या.

"आता राहिल्या किती?"

"तीन गठ्ठे आन् पाच सुट्ट्या," चैत्राली म्हणाली. "पस्तीस."

आणि मग ती स्वतःच फळ्याकडे बघून म्हणाली, "आयला, पंचेचाळीस कसं काय म्हणत हुतो आपून?"

त्या दिवशी आम्ही चंद्रीला एकतीसातून पाच चारल्या, चोविसातून आठ चारल्या. सुट्ट्या संपल्या की मुलं आपणहून गठ्ठा सोडायची. शेवटी शेळीनेच तोंड फिरवलं. मला इतका आनंद झाला होता की मी चंद्रीच्या पाठीवर थाप मारली आणि तिचा एक फोटो काढला.

तो फोटोच पुढे नडला.

त्या वर्षी आमच्याकडे 'पाठसोबती' नावाचं ॲप आलं होतं. उद्या काय शिकवणार याचं टाचण आज संध्याकाळी त्यात भरायचं, आणि आज काय शिकवलं याचा फोटो आणि वृत्तान्तही आजच चढवायचा. सगळे रकाने भरले की हिरवी खूण यायची. नाहीतर लाल. तालुक्याला मोठ्या पडद्यावर कोण हिरवं, कोण लाल ते दिसायचं म्हणे. त्यामुळे आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या सोळा शाळांतले, शिक्षक एकमेकांना भेटले की "जेवण झालं का?" ऐवजी "हिरवं झालं का?" असं विचारू लागले होते.

बाकीचे रकाने सोपे होते. 'विद्यार्थ्यांनी आनंदाने सहभाग घेतला' हे वाक्य कुठंही चालायचं. पण शेवटी एक रकाना होता, 'आजचा अनपेक्षित क्षण'. किमान पन्नास शब्द. एकोणपन्नास लिहिले तरी खूण लालच राहायची.

"रोजच्या रोज अनपेक्षित कसं घडणार, सांगा मला!" खबाले सर म्हणायचे. "रोज घडायला लागलं की ते अपेक्षित होतं की नाही?"

खबाले सर म्हणजे आमच्या केंद्राचे तंत्रस्नेही शिक्षक. तशी सरकारी पदवीच होती त्यांना. माणूस लाख मोलाचा. कोणाचा फोन अडला, पासवर्ड विसरला, फोटो उलटा चढला की सर मोटारसायकलला किक मारून हजर. केंद्रातल्या सोळाही शाळांचे पासवर्ड त्यांच्या एका फोनात होते. आमच्यासारख्या डोंगरातल्या शाळांचं सगळं तेच चढवायचे, कारण वाघजाईवाडीत पाण्याच्या टाकीपाशी मेसेज जाण्यापुरती रेंज यायची, ॲप उघडण्यापुरती नाही. मी टाकीपाशी उभी राहून सरांना मजकूर पाठवायचे, ते खालून त्यांच्या गावातून चढवायचे.

त्या संध्याकाळी मी चंद्रीची हकीकत जशी घडली तशी लिहिली. आमचे मुख्याध्यापक लोखंडे गुरुजी माझ्या खांद्यावरून वाचत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला हा माणूस. वाघ मागं लागला तरी आधी अर्ज करील आणि मग पळेल.

"बाई, शेळी काढा," ते म्हणाले.

"का हो, गुरुजी?"

"शेळी आली म्हणजे वर्गात जनावर शिरलं. जनावर शिरलं म्हणजे शिक्षकाचं लक्ष नव्हतं. 'विद्यार्थ्यांनी आनंदाने सहभाग घेतला' एवढं टाका आणि घरी चला. आपलं काय जातंय?"

"पण गुरुजी, तीन दिवसांनी जमलं हो त्यांना! आणि शेळीमुळंच जमलं."

"तुमचा कायमपणाचा आदेश व्हायचाय अजून," गुरुजी म्हणाले. "शेळीच्या नादाला लागू नका."

ते खोटं नव्हतं. मी शिक्षणसेविका होते. तीन वर्षांची उमेदवारी जानेवारीत संपत होती आणि 'समाधानकारक' असा शेरा मिळाला तर कायम, नाहीतर नारळ. आणि नारळ मिळाला तर परत केजला, जिथं माझ्या काकांनी खताचं दुकान असलेला एक मुलगा माझ्यासाठी तीन वर्षं राखून ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता. पण मला खत विकायचं नव्हतं, मला वजाबाकी शिकवायची होती, आणि आज ती मला पहिल्यांदा आली होती.

मी शेळीसकट मजकूर पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी खबाले सर डोंगर चढून आले. एरवी गाडीवरून उतरायच्या आधी त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. त्या दिवशी ते आले, हंड्यातलं तांब्याभर पाणी प्यायले, आणि गप्प बसले.

"सर, काय झालं?"

"बाई, तुमची ती शेळी... जरा इकडंतिकडं झाली."

"म्हणजे?"

सरांनी एका दमात सांगून टाकलं. त्या दिवशी त्यांच्या मेहुणीची हळद होती. सगळ्या शाळांची टाचणं चढवून झाली होती, पण सोळाच्या सोळा शाळांचे अनपेक्षित क्षण रिकामे. तिकडे मांडवात सरांच्या नावाने शंख चाललेला. इतक्यात माझा मेसेज आला. पन्नासच्या वर शब्द, वर फोटो. सरांनी तो उचलला आणि सगळीकडे चिकटवला. सगळ्या शाळा दोन मिनिटांत हिरव्यागार. आणि सर हळद खेळायला मोकळे.

"म्हणजे त्या दिवशी सोळा शाळांत शेळी शिरली?" मी विचारलं.

"एकच शेळी. एकाच वेळी. तोच पांढरा कान."

मला आधी हसूच आलं. लोखंडे गुरुजींना नाही आलं.

"एवढ्यावर भागलं असतं," सर पुढे म्हणाले, "पण जिल्ह्याला ते ॲप आपोआप गोषवारा काढतं. त्यात आलं, या केंद्रात शेळीच्या साहाय्याने वजाबाकी हा अभिनव उपक्रम सर्व शाळांत सुरू आहे. वरून कौतुकाचं पत्र आलंय. आणि उपक्रम बघायला सोमवारी दाभोळे मॅडम येतायत."

आता माझंही हसू गेलं. नलिनी दाभोळे मॅडम आमच्या विस्तार अधिकारी. त्या शाळेत आल्या की पहिल्यांदा पाण्याची टाकी उघडून बघायच्या, मग मुलांची नखं, मग शिक्षकाचा चेहरा. हसताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या आदेशावरचा शेरा त्याच लिहिणार होत्या.

"मग खरं सांगून टाकू," मी म्हणाले. "शेळी आमची. बाकीच्यांनी उतरवून घेतली."

लोखंडे गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "सर, चढवताना आमच्या या गिते बाईंचं कितव्या नंबरला चढवलंत?"

सर जमिनीकडे बघू लागले. "शेवटी. त्यांचं तर होणारच होतं ना, म्हणून आधी बाकीच्यांचं..."

"झालं तर मग," गुरुजी म्हणाले. "ॲपात वेळ पडते. पंधरा शाळांनी आधी लिहिलं आणि आमच्या बाईंनी सगळ्यांच्या मागून. सोळातला चोर कोण म्हणायचा? सगळ्यांत शेवटी आलेला, आणि सगळ्यांत नवीन असलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आख्ख्या केंद्रात खरी शेळी एकटी माझी, आणि चोर ठरणार होते मीच. 'उतारा केल्याचे आढळले' असा शेरा पडला की केजची एसटी आणि खताचं दुकान. मला इतका राग आला की मी खबाले सरांकडे पाठ करून उभी राहिले.

"बाई, चूक माझीच आहे," सर पाठीमागून म्हणाले. "पण आता उपाय एकच. शेळी सगळ्या शाळांत दिसली पाहिजे. सगळीकडे दिसली तर उपक्रम खरा, आणि उपक्रम खरा तर उतारा कोणाचाच नाही. मॅडम काही सोळा शाळा बघणार नाहीत. चार-पाच बघतील आणि शेवटी तुमच्याकडे येतील. फक्त शेळी फोटोतली पाहिजे. काळी, डावा कान पांढरा."

"अशा शेळ्या किती असतील तालुक्यात?"

"शोधल्या मी," सर म्हणाले. "एकच आहे."

चंद्रीची मालकीण म्हणजे चैत्रालीची आई, सगुणाताई. आम्ही तिघं तिच्या दारात गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आवं बाई, माझी चंद्री कधी फटफटीवर बसल्याली न्हाय."

"तिला पोत्यात घालून नेऊ," खबाले सर म्हणाले.

"तुमास्नीच घाला पोत्यात!" सगुणाताई कडाडली. "मी धरून बसीन मागं. न्हायतर शेळी मिळायची न्हाय. आन् दुपारपातूर माघारी आली पायजे. तिची पाणी प्यायची येळ चुकली तर ती दूध चोरती."

"दोन वाजता वाघजाईवाडीत," सरांनी गळ्याची शपथ घेतली.

मला ते पटत नव्हतं. पण माझ्याजवळ तरी दुसरं काय होतं? अडला हरी, गाढवाचे पाय धरी, अशातली गत. मी म्हणाले, "न्या. पण मॅडम इथं यायच्या आधी चंद्री माझ्या वर्गात हवी."

सोमवारी सकाळी खबाले सरांची मोटारसायकल डोंगर उतरू लागली. पुढे सर, मागे सगुणाताई, आणि तिच्या मांडीवर पदराखाली चंद्री. एक पांढरा कान तेवढा वाऱ्यावर फडफडत होता. मुलं वळणापर्यंत मागे पळाली. शाळेला लावलेलं आंब्याचं तोरण बघून मला मात्र वाटलं, बळीचा बकरा मागेच राहिलाय.

बातम्या टाकीपाशी मेसेजवर येत होत्या. लोखंडे गुरुजी स्वतः तिथं जाऊन उभे राहिले होते आणि दर थोड्या वेळाने ओरडून सांगत होते.

"पाचवड्यात शेळी पोचली! मॅडमनी पाहिली!"

मग, "बोरगेवाडीत मॅडम पुढच्या दारानं, शेळी मागच्या दारानं! थोडक्यात निभावलं!"

मग, "तिसऱ्या शाळेत शेळीनं मॅडमच्या स्वागताचा हार खाल्ला!"

मग बराच वेळ काहीच नाही. दोन वाजले. मुलांना मी गठ्ठे बांधायला बसवलं होतं. दोन वाजून गेले. इतक्यात गुरुजी टाकीकडून धावत येताना दिसले. त्या माणसाला मी त्याआधी आणि त्यानंतर कधीच धावताना पाहिलं नाही.

"बाई, पंक्चर!" ते धापा टाकत म्हणाले. "घाटात मोटारसायकल पंक्चर झालीय. शेळी घाटात आहे!"

आणि त्यांच्या मागोमाग, धुळीचा लोट उडवत, दाभोळे मॅडमची जीप शाळेसमोर येऊन थांबली.

आख्ख्या केंद्रात जिथं खरोखर शेळी आली होती, त्या एकाच शाळेत त्या दिवशी शेळी नव्हती.

मॅडम उतरल्या. टाकी उघडून बघितली. नखं बघितली. मग माझा चेहरा बघितला.

"गिते ना तुम्ही? शेळी कुठाय?"

"नाही, मॅडम."

"नाही म्हणजे? सगळ्या शाळांत होती."

लोखंडे गुरुजी पुढे झाले. "मॅडम, शेळी चरायला—"

"गुरुजी, तुम्ही बसा." मॅडम खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी रुमालाने मान पुसली. "आज मी चार शाळा बघितल्या. चार शाळांत चार शेळ्या. चारही काळ्या, चौघींचा डावा कान पांढरा. पहिल्या शाळेत शेळी ताजीतवानी होती. चौथ्या शाळेत ती बिचारी उभ्या उभ्या झोपली होती. तुमच्या वृत्तान्तात एक चैत्राली नावाची मुलगी आहे. ती मला चारही शाळांत भेटली. एका शाळेत ती पहिलीत होती. एका शाळेत तर तो मुलगा निघाला."

खबाले सरांनी नावसुद्धा बदललं नव्हतं! मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून हवी होती.

"म्हणजे हा मजकूर एकाने लिहिला आणि बाकीच्यांनी उतरवला," मॅडम म्हणाल्या. "तुमचा सगळ्यांत शेवटी आलाय. तुमच्याकडे शेळीही नाही. काय समजायचं मी?"

"मॅडम, शेळी आमचीच होती. पण आत्ता ती नाही आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता आणि मला त्याची लाज वाटत होती. "तुम्हाला पटलं तर घ्या."

मॅडम उठल्या, खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, एकसष्टातून चार.

माझ्या डोळ्यांपुढे त्रेसष्ट हा आकडा नाचू लागला. पंधरा दिवसांत विसरली असतील पोरं. साहेब आले की येतं तेही विसरतात. मी देवाचं नाव घेतलं नाही, चंद्रीचं घेतलं.

"कोण करील?" मॅडमनी विचारलं.

कोणी हललं नाही. मग चैत्रालीने हळूच हात वर केला.

"बाई," ती मॅडमकडे न बघता मला म्हणाली, "शेळी न्हाय तर कशी करायची?"

मॅडमच्या भुवया वर गेल्या. मी काही बोलणार, तोच मागच्या रांगेतला तो मुलगा उठला. "मी हुतो शेळी," तो म्हणाला, आणि सरळ गुडघ्यांवर-हातांवर येऊन वर्गाच्या मधोमध रांगत आला. "बेंऽऽ!"

सगळा वर्ग फुटला. मी डोळे मिटून घेतले. आता नारळच.

पण चैत्राली हसली नाही. तिने सहा गठ्ठे मांडले, एक सुट्टी काडी मांडली. सुट्टी काडी तिने त्याच्या तोंडात दिली. "ही एक झाली. हिला चार पायजेत." शेळीने काडी दातांत धरून मान हलवली. "आजून तीन. सुट्ट्या संपल्या."

"मग?" मॅडम म्हणाल्या.

"मग काय, सोडायचा गठ्ठा!" अकरा तोंडं एकदम ओरडली.

चैत्रालीने सुतळी सोडली, तीन काड्या शेळीच्या तोंडात कोंबल्या. शेळी थुंकली. "बाई, ह्ये कडू लागतंय!"

"खा मुकाट्यानं," चैत्राली म्हणाली. "पाच गठ्ठे आन् सात सुट्ट्या. सत्तावन्न."

मॅडमनी तो आकडा फळ्यावर लिहिला. मग त्यांनी आणखी एक गणित घातलं, आणखी एक घातलं. आता हात वर येत होते. तिसऱ्या गणिताला शेळी बनायला तीन जण भांडू लागले. चौथ्याला कोणी शेळीही बनलं नाही. एका मुलीने जागेवर बसून, बोटाने हवेतच गठ्ठा सोडला आणि उत्तर सांगितलं. मॅडम खडू हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मग त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि त्या चैत्रालीसमोर वाकल्या.

"तुझ्या शेळीचं नाव काय?"

"चंद्री."

"कुठाय ती?"

"आईसंगं फटफटीवर गावं बघाय गेलीया."

लोखंडे गुरुजींनी भिंतीचा आधार घेतला. मॅडमनी आपली वही मिटली, आणि जीप आली तशी धुळीत निघून गेली.

थोड्या वेळाने खबाले सर आले, मोटारसायकल ढकलत. सगुणाताई मागून चालत होती आणि चंद्री तिच्या खांद्यावर होती. शाळा दिसताच चंद्रीने खाली उडी मारली, ती वर्गात घुसली आणि सुटलेला सहावा गठ्ठा खाऊ लागली.

"मॅडम आल्या होत्या?" सरांनी विचारलं.

"येऊन गेल्या."

"घाटात भेटल्या आम्हाला." सर पायरीवर मटकन बसले. "मी पुढं होऊन सगळं सांगून टाकलं, बाई. शेळी गितेबाईंची, चोरी माझी, काय ती शिक्षा मला द्या. त्यांनी काच खाली केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगुणाताईला म्हणाल्या, शेळीला पाणी पाजा, आणि गेल्या."

त्या क्षणी मला सरांचा राग उरला नाही. पण रात्री उशीवर डोकं टेकलं की मला खताच्या पोत्यांचा वास यायचा. असे बरेच दिवस गेले.

खबाले सरांना शिक्षा झाली ती अशी. त्यांनी सोळाही शाळांत जाऊन एकेक दिवस बसायचं आणि प्रत्येक शाळेचा वेगळा अनपेक्षित क्षण स्वतः बघून, स्वतः लिहून द्यायचा. सर पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आले. तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, "बाई, घडतं हो. रोज घडतं. आपण बघत नाही."

जानेवारीत माझा आदेश आला. लोखंडे गुरुजींनी तालुक्याहून आणला, शाळेच्या पायरीवर उभं राहून लिफाफा फोडला आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिली ओळ नियमाची, दुसरी कलमाची. मग मॅडमचा शेरा आला. तिथं गुरुजींनी कागद माझ्या हातात दिला. हिरव्या शाईत, सरळ रेषेत लिहिलं होतं:

'शाळेत शेळी आढळून आली नाही. वजाबाकी आढळून आली. समाधानकारक. कायम करण्यास हरकत नाही.'

मी तो शेरा वाचला, परत वाचला आणि पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडले. मुलं घाबरून गोळा झाली. चैत्रालीला वाटलं कोणीतरी वारलं. "बाई कायम झाल्या!" गुरुजींनी सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "मग इतकी वर्सं कोण हुत्या?" सगळे हसायला लागले, मीही रडता रडता हसायला लागले, आणि त्या गोंधळात आदेश माझ्या हातातून खाली लोंबत राहिला.

चंद्री कधी आली ते कळलंच नाही. शाळेला तेव्हाही कुंपण नव्हतं.

आज दहा वर्षं होत आली. बदली झाली की माझं सेवापुस्तक नव्या कार्यालयात जातं, आणि प्रत्येक नवा लेखनिक त्या पानाशी थांबून विचारतो, "मॅडम, या आदेशाचा कोपरा कुठं गेला?"

मी खरं ते सांगते. तो माझ्याकडे बघतो, मान डोलावतो, आणि समासात लिहितो, 'कोपरा जीर्ण'.